आर्थरचं रक्त, व्हेराचं रक्त

वायए (यंग अडल्ट), म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या फँटसीचा एक साचा ठरून गेलाय. साधीसुधी वाटणारी मुलगी पुस्तक संपेपर्यंत कुठल्यातरी राजघराण्याची हरवलेली वारस निघते, तिची जादू रक्तातून आलेली असते आणि तिच्यावर जीव टाकणारा मुलगा हमखास शत्रूच्या घरातला असतो. मी या सगळ्याला कंटाळले होते. तेवढ्यात भाचीने ट्रेसी डिऑनचं 'लेजंडबॉर्न' (२०२०) हातात ठेवलं. "मावशी, आधी हे वाच, मग बोल." वाचलं. आता बोलते. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, मी सगळं फोडणार आहे.

ब्री मॅथ्यूज ही सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. आई नुकतीच गेलेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात येते आणि एका गुप्त मंडळाशी तिची गाठ पडते. ब्रिटनच्या दंतकथांमधला राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांचे वंशज, बहुतेक गोरे, आपल्या वंशावळीचा कोण अभिमान! आर्थरचा वारस म्हणून ज्याच्याकडे सगळे बघतात त्या निक डेव्हिसच्या ती प्रेमात पडते. इथपर्यंत नेहमीचंच.

शेवटी एक्सकॅलिबर, आर्थरची तलवार, उपसली जाते ती ब्रीच्या हातून. कारण काय, तर निकच्या घराण्याच्या मूळपुरुषाने, आर्थरचं रक्त असलेल्या मळेवाल्याने, आपल्या गुलाम स्त्रीवर, व्हेरावर, बलात्कार केला होता. ती पोटुशी असतानाच पळाली, पूर्वजांना हाक मारून तिने लेकीबाळींसाठी शक्ती मागून घेतली आणि ती शक्ती एका वेळी एकाच लेकीला मिळत ब्रीपर्यंत आली. इकडे मळेवाल्याच्या लग्नाच्या बायकोचं मूल मात्र लान्सलॉट या आर्थरच्या सरदाराच्या वंशजापासून झालेलं. म्हणजे निक आर्थरचा नव्हेच. (लेखिकेची सोयही झाली म्हणा, नाहीतर दोघं लांबचे का होईना, भाऊबहीण ठरले असते.)

ही कलाटणी मला नुसती चतुर वाटली नाही. १६६२ साली व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतीने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजी रिवाजात वंश बापाकडून चालायचा, पण इथे मुद्दाम उलटं केलं. मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूल त्याची मालमत्ता, वारस नाही. हा हिशोब डोक्यात ठेवून वाचलं की ब्रीच्या हातातली तलवार वेगळी दिसते. राजवंशाचं गूढ म्हणून जे मिरवलं जातं, त्याच्या तळाशी गुन्हा आहे. ब्रीला राज्य मिळतं ते त्या गुन्ह्यामुळे, आणि त्याचा आनंद कसा मानायचा हे तिला कळत नाही. लेखिका तिला घाईने आनंदी करतही नाही.

उलट टोमी अडेयेमीच्या 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन'मध्ये (२०१८) झेली आणि राजपुत्र इनान यांचं प्रेम मला पचलंच नाही. त्याच्या बापाने जादूवाल्यांचं शिरकाण केलं, त्यात झेलीची आई गेली. हा स्वतः तिचा पाठलाग करत आलेला. आणि स्वप्नातल्या काही भेटींत मन वितळतं? पुढे तो दगा देतो, म्हणजे हे प्रेम पुरणार नाही हे लेखिकेलाही ठाऊक आहे. पण वितळण्याची ती पानं इतकी गोड लिहिलीत की वाचणारी मुलगी तेवढीच लक्षात ठेवते.

भाचीचं म्हणणं वेगळं. "काळ्या मुलींनी कायम दुःखच भोगायचं का? त्यांना प्रेमत्रिकोण नको?" बरोबर आहे तिचं. एबनी एलिझाबेथ थॉमस यांनी 'द डार्क फँटास्टिक'मध्ये (२०१९) हेच मांडलंय: फँटसीत कृष्णवर्णीय मुलगी आली की ती दुसऱ्या कुणासाठी तरी झिजते, नाहीतर मरते. अमेरिकेत सोळा राज्यांतली आंतरवंशीय विवाहबंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली ती १९६७ साली. अशा देशात निक आणि त्याच्या रक्षणाची शपथ घेतलेला मंडळातला जादूगार सेल, दोघांनाही ब्री हवी असणं ही नुसती चंगळ नाही, हे मान्य.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. ब्रीकडे आईच्या बाजूची 'रूटक्राफ्ट', म्हणजे मुळांची आणि पूर्वजांची विद्या होती. मग आर्थर कशाला हवा होता? आपणही कर्णासाठी रडतो ते तो कुंतीचा होता म्हणूनच ना? तो खरोखर अधिरथ-राधेचाच मुलगा असता, तर रंगसभेत त्याची जात काढली जाताना आपल्याला तेवढंच लागलं असतं का, मला शंका आहे. 'लेजंडबॉर्न' या प्रश्नाच्या अगदी जवळ जातं आणि मग तलवार उपसून मोकळं होतं. भाची म्हणते दुसरा भाग वाच, त्यात हेच आहे. आणलाय, पण आधी तिने माझ्याशी कर्णावर भांडायचं कबूल केलंय.