सगळे स्मिथ एकाच आईची लेकरं का?

पुन्हा तेच! ‘१८१९ मध्ये जॉन स्मिथने अजिंठ्याची लेणी शोधली’ अशी पोस्ट, आणि फोटो कोणाचा? तर अमेरिकेतल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीवाल्या जॉन स्मिथचा! ती भरघोस दाढी दिसत नाही का तुम्हाला? तो बाबा १६३१ मध्येच वारला. मेल्यावर १८८ वर्षांनी अजिंठ्याजवळच्या वाघूर नदीच्या खोऱ्यात वाघ मारायला येणार होता का तो?

अजिंठ्याचा जॉन स्मिथ वेगळा. मद्रासच्या लष्करातला, २८व्या घोडदळाचा अधिकारी. शिकारीला आला, लेणी दिसली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून गेला. चक्क चित्रावर! तेव्हा आत मातीदगडाचा ढीग होता, त्यावर तो उभा राहिला, म्हणून ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं. शाळेच्या सहलीत खांबावर नाव कोरलं तर कानाखाली बसते. ह्याच्या नावाने मात्र पोस्टी फिरतात. असो, तो राग वेगळा.

खरा कळस पुढेच आहे. दुसरी पोस्ट म्हणते, ‘पेशव्यांना हरवणाऱ्या स्मिथनेच वर्षभरात अजिंठा शोधला.’ अरे देवा! फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, ती लढाई जिंकणारा जनरल लायनेल स्मिथ. लायनेल! पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला तो. सोलापूरकडची आष्टी कुठे, अजिंठा कुठे! आडनाव जुळलं की जोडलंच का नातं? मग पुण्यातले सगळे कुलकर्णीही एकच माणूस म्हणून खपवा ना.

नेटवर शोधायला बसा, तर वैताग आणखी. नुसतं ‘स्मिथ’ टाकलं की क्रिकेटवाला स्टीव्ह आणि सिनेमावाला विल. जॉन टाकलं तर १९९४ मध्ये वारलेला ब्रिटिश मजूर पक्षाचा नेता पुढ्यात. १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढणाऱ्या विल्यम स्मिथला तर कुत्रं विचारत नाही! निदान इंग्लंडमध्ये हे आडनाव पैशाला पासरी आहे एवढं तरी ध्यानात घ्या की.

चूक दाखवली तर उत्तर काय? ‘काका, भावना समजून घ्या.’ कसली डोंबलाची भावना? फोटो बदला आधी!