काकीला ‘नाही’ कोण म्हणालं?

काकीच्या उजव्या हाताच्या बोटांना ठसे नाहीत. होते, पण काजूच्या कारखान्यात बी फोडता फोडता गेले. टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख लावा नाहीतर खोबरेल, वीस-पंचवीस वर्षांत ते आपलं काम करतंच. त्यामुळे रेशनवर अंगठा लावायची वेळ आली की काकी पदराला बोट पुसते, दुकानदार मशीनची काच पुसतो, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला कुठे अंगठा लागतो. कधी लागतच नाही.

गेल्या वर्षी तिला मिळणाऱ्या एका अनुदानासाठी ई-केवायसी करायची होती. अंगठ्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून चेहरा. वाडीतला एक पोरगा मोबाइल घेऊन पडवीत उभा राहिला. “काकी, डोळे मिचकवा. परत. आता उजेडाकडे तोंड करा. परत.” मोतीबिंदू काढलेले डोळे, वरून झावळ्यांतून येणारं ऊन. सातव्या खेपेला झालं एकदाचं. काकी म्हणाली, “लग्न ठरवताना पण माका इतक्या येळा कोणी बघूक नाय.”

दोन महिन्यांनी पैसे यायचे बंद झाले. त्याच पोराने मोबाइलवर उघडून दाखवलं. नाव बरोबर, गाव बरोबर, आणि त्यापुढे ‘अपात्र’. कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी गेलो कार्यालयात. महसूल खात्यात तीस वर्षं काढून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, चार जण अजून ओळखतात. चहा आला. टेबलावरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, आम्हाला नुसतं दिसतं. ठरतं वरून.”

“वरून म्हणजे? जिल्ह्यावरून?”

“नाही सर. सिस्टीमवरून.”

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या साहेबांनाही नव्हतं. तीस वर्षांत मी कामचुकार कारकून पाहिले, पैसे खाणारे पाहिले, आणि फायलीवर बसून राहणारे तर रोजचेच. पण निर्णय झालाय आणि तो कोणी घेतला हे इमारतीतल्या एकालाही सांगता येत नाही, असं कधी पाहिलं नव्हतं. घरी आलो तर काकीने एवढंच विचारलं, “झिला, मी काय चोरी केलंय? मशीन ‘नाय’ कित्याक म्हणता?”

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क असं म्हटलं की लोकांना दिल्ली-मुंबईतल्या परिसंवादांचा विषय वाटतो. माझ्या दृष्टीने तो गाव नमुना सहाचा विषय आहे. थांबा, सांगतो.

सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर फेरफार घालावा लागतो, आणि फेरफारांची नोंदवही म्हणजेच गाव नमुना सहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 150. तलाठ्याने नोंद घ्यायची, तिची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला नोटीस द्यायची. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जातं आणि सुनावणी होते. नोटीस बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही. प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी, त्याची सही, खाली नाव. पटलं नाही तर प्रांताकडे अपील. आता हे ऑनलाइन झालंय, पण हरकतीची मुदत कोणी काढून टाकलेली नाही. कोकणी माणूस एका फणसावरून तीन पिढ्या भांडतो म्हणून सगळे हसतात. हसा. पण तो भांडू शकतो याचं कारण हे की समोर एक कागद असतो आणि त्या कागदावर एका माणसाचं नाव असतं.

माझंही होतं. एका वारस फेरफाराला मी सही केली, त्यात लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीचं नाव राहिलं. भावांनी सांगितलं नाही, तलाठ्याने विचारलं नाही, मी नोटिशीची पोच नीट पाहिली नाही. चुकलं ते चुकलंच. दोन वर्षांनी ती बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही सही तुमची ना?” विलंब माफीच्या अर्जासकट ती अपिलात गेली, प्रांतांनी माझी नोंद रद्द केली, आणि आदेशात माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिली ती अजून पाठ आहेत. मान खाली गेली. पण बाईला तिचा हिस्सा मिळाला. बहिणीला विचारता आलं, ‘ही सही तुमची ना?’ काकीने कोणाला विचारायचं?

‘अपात्र’ का, याचा आमचा आम्हीच तर्क लढवला. काकीचा मुलगा बारा वर्षं नालासोपाऱ्यात आहे, कर्जावर टेम्पो घेतलाय. शिधापत्रिकेवर नाव अजून गावच्या घरातच. चाकरमान्यांची नावं अशीच असतात. माणूस मुंबईत, नाव गावात, गणपतीला दोघांची भेट. मशीनने त्या टेम्पोला काकीच्या अंगणात उभं केलं असेल. किंवा दुसरंच काही. आमच्या वाडीत एकाच नावा-आडनावाचे तिघे आहेत, दोघांच्या तर वडिलांचं नावही एकच. पोस्टमनला बरोबर कळतं कोण कोणता, कारण एकाच्या दारात रामफळ आहे. मशीनला रामफळ दिसत नाही.

हा नुसता आमचा तर्कवितर्क नाही. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवून कोण पात्र, कोण अपात्र ते दाखवते. तिथे एका गरीब बाईचं रेशन बंद झालं होतं. तिच्या नवऱ्याच्या नावावर गाडी आहे, असं प्रणालीने दाखवलं. गाडी होती मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. त्या राज्यात रद्द झालेल्या कार्डांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2022 मध्ये न्यायालयाने जागेवर जाऊन पुन्हा पडताळणी करायला लावली. म्हणजे शेवटी माणूसच पाठवावा लागला. आधी पाठवला असता तर?

आता कोणी म्हणेल, काकीच्या बाबतीत ‘एआय’ होतं की साधा कॉम्प्युटर, हे तुम्हाला कुठे ठाऊक? नाही ठाऊक. आणि कायदा त्या प्रश्नावर अडू नये, असंच माझं म्हणणं आहे. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाची सरकारी वसुलीची योजना झाली, त्यात कसली बुद्धिमत्ता नव्हती, शाळेतली सरासरी होती. माणसाची वर्षभराची कमाई घ्यायची, ती दर पंधरवड्यात सारखी वाटायची, आणि त्याने भत्ता घेताना सांगितलेल्या आकड्याशी ताडायची. जुळलं नाही की वसुलीची नोटीस. आपल्याकडचा आंबेवाला डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मेमध्ये पेट्या गेल्या, हातात चार पैसे आले, आणि आषाढात घरात दमडी नाही. त्याची सरासरी काढली तर भर पावसातही त्याला रोज कमाई दिसेल, आणि सरकार म्हणेल, तू खोटं बोललास. तिथे लाखो लोकांना अशा नोटिसा गेल्या. 2023 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा कळलं की योजना बेकायदा असल्याची शंका आतल्या माणसांना सुरुवातीपासून होती.

म्हणून नियम यंत्रावर नको, निर्णयावर हवा. माणसाचं धान्य, पैसे, नोकरी किंवा तुरुंगातून सुटका ज्यावर ठरते त्या प्रत्येक निर्णयाला फेरफाराची रीत लावा. आधी नोटीस, त्यात कारण, समजेल अशा मराठीत. मग हरकतीची मुदत. हरकतीवर माणसाने सुनावणी घ्यायची आणि सही करायची. तोवर चालू असलेलं अनुदान चालू राहील. हे शेवटचं मी सर्वात वर ठेवीन, कारण पैसे बंद करून मग चौकशी करणं म्हणजे भाताचं पाणी तोडून मग पंचनामा करणं.

युरोपने एआयवर कायदा केलाय. 1 ऑगस्ट 2024 पासून तो अमलात आहे, काही गोष्टींवर 2 फेब्रुवारी 2025 पासून सरळ बंदी आहे. नागरिकांना वागणुकीवरून गुण देणं, कामाच्या जागी नि शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणं, असल्या गोष्टी. सरकारी मदत कोणाला मिळेल हे ठरवणाऱ्या प्रणाली त्यांनी जास्त जोखमीच्या गटात टाकल्या आहेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क झाला. 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य तरतुदींना अजून अठरा महिन्यांची मुदत दिली. त्या कायद्यात एक चांगलं वाक्य आहे. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण आणि अचूक असली पाहिजे. बरं, नसली तर? चूक दुरुस्त करून मागता येते, पण कोणती माहिती पाहून ‘अपात्र’ म्हटलं तेच कळलं नाही, तर काकी दुरुस्त काय करून मागणार? निर्णयाचं कारण मागण्याचा आणि माणसासमोर बाजू मांडण्याचा हक्क त्यात सरळ शब्दांत लिहिलेला नाही. शिवाय सरकारच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय आहेच. कायदे करणाऱ्यांना स्वतःसाठी फट ठेवायची सवय जुनी, आम्हीही परिपत्रकं तशीच लिहायचो.

मी यंत्राच्या विरोधात नाही. जानेवारी 2025 पासून आपल्या किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय खात्याचे ड्रोन फिरतात. एलईडीच्या झोतावर मासे ओढणारे आणि पर्ससीनची भलीमोठी जाळी टाकणारे रात्रीत समुद्र खरवडून नेतात आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याच्या हाती शेवाळ येतं, हे सांगून पारंपरिक मच्छीमारांचा घसा सुकला होता. ड्रोनचं मी स्वागतच केलं. पण गंमत बघा. ड्रोनने बोट टिपली तरी मालकाला थेट दंड लागत नाही. पूर्वी ते दावे तहसीलदारांपुढे चालायचे, मासेमारी कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यापुढे चालतात. बोटमालक वकील घेऊन येतो. फोटोतली बोट माझी नव्हे म्हणतो, मी हद्दीबाहेर होतो म्हणतो. ऐकून घेतलं जातं आणि घेतलंच पाहिजे. मग लाखोंच्या पर्ससीन बोटीच्या मालकाला सुनावणी आणि महिन्याच्या अनुदानावर चूल पेटवणाऱ्या काकीला आडवी रेघ, हा कुठला हिशोब?

‘तलाठी पैसे खायचे, मशीन खात नाही’ हे मला लोक तोंडावर सांगतात. खरं आहे. खायचे. पण खाणाऱ्या तलाठ्याचं नाव सगळ्या गावाला माहीत असायचं, आणि अधूनमधून एखादा सापळ्यात सापडायचा. यंत्रामागे कोणत्या कंपनीला काय ठेका दिलाय, कोणते निकष भरलेत, किती जणांना चुकून बाहेर काढलं, हे माहितीच्या अधिकारात विचारून बघा. मी विचारलंय. उत्तर आलं: माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.

काकीचे पैसे पाच महिन्यांनी परत सुरू झाले. आम्ही दिलेल्या तीन अर्जांपैकी कशामुळे, की कशामुळेच नाही, कोणी सांगितलं नाही. मागचे पाच महिने मिळाले नाहीत. पोराने मोबाइलवर ‘पात्र’ दाखवलं तेव्हा मला वाटलं काकी खूश होईल. ती बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिली.

“आता ‘होय’ कित्याक म्हणाला?”

पोरगा हसला, मीही हसलो. तिने त्या पानाची प्रिंट काढून आणायला लावली, घडी करून शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवली आणि डबा फळीवर ठेवता ठेवता म्हणाली, “परत ‘नाय’ म्हणाला तर?”