लिंटेल आडवं आलं

मुंबईत घर घेणं किती कठीण, हे सगळे सांगतात. घेतलेल्या घरात पडद्याचा रॉड लावणं किती कठीण, हे कुणी सांगत नाही.

आमच्या मुलुंडच्या फ्लॅटच्या भिंती विटांच्या. घड्याळ, देवघर, आरसा, सगळं बिनतक्रार लागलं. रॉड मात्र खिडकीच्या डोक्यावरच लागतो आणि तिथे, जमिनीपासून सुमारे सात फुटांवर, लिंटेल असतं. भिंतीत खिडकी काढली की वरच्या विटा तोलायच्या कुणी? तर या काँक्रीटच्या पट्टीने. ती भार घेते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टाकते. त्यासाठी तिची टोकं भिंतीत सहाएक इंच शिरलेली असतात. हे सहा इंच लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच आहे.

फिटरने डावीकडे ड्रिल लावलं. आवाज तळमजल्यापर्यंत, भोक नखाएवढं.

"आरसीसी आहे साहेब. बिट जाईल."

जरा आत गेल्यावर ड्रिलने सूर बदलला. सळई! लिंटेलवर वरून भार आला की ताण खालच्या अंगाला पडतो, म्हणून मुख्य सळया तळाशी, म्हणजे नेमक्या आमच्या रॉडच्या उंचीला. तिला धक्का लावायचा नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती गंजून फुगली की काँक्रीटच्या खपल्या काढते.

"थोडं वर घ्या," मी म्हणालो.

"पडदे शिवून आलेत!" आतून आवाज आला.

डावीकडे कपाट असल्यामुळे रॉड उजवीकडे सरकवलेला. तिकडचा ब्रॅकेट बरोबर त्या सहा इंचांच्या पलीकडे गेला. तिथे ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत, आणि बाहेर लाल भुसा. स्क्रू धरायला भोकात ठोकलेली गिट्टी बोटाने ओढली तरी हातात. एकीकडे स्क्रू जाईना, दुसरीकडे राहीना. शेवटी फिटरने काडेपेटी मागितली आणि भोकात काड्या कोंबल्या. मुंबईतली निम्मी घरं काड्यांवरच उभी असावीत. (गिरगावच्या चाळीत आजोबांच्या दारावर सागवानी तुळई होती. खिळा ठोका, तोरण बांधा, विषय संपला.)

दोन ते चार ठोकाठोक बंद, हा सोसायटीचा नियम. दोन वाजून पाच मिनिटांनी सेक्रेटरी दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष उजव्या ब्रॅकेटकडे. जवळ जाऊन त्यांनी तो हलवून पाहिला.

"आमच्याकडेही इथे भुसाच निघतो," ते हळूच म्हणाले. "हा माणूस चारनंतर मोकळा आहे का?"