माउंट सॅव्हेजची पाटी थाप मारत नाही

गेले काही महिने अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मेरीलँडच्या अ‍ॅलेगनी काउंटीत माउंट सॅव्हेज नावाचं गाव आहे. अमेरिकेत तयार झालेले पहिले लोखंडी रूळ 1844 साली इथे बनले, असं तिथली रस्त्याकडेची पाटी सांगते. मेसेजच्या मते ही शुद्ध थाप आहे. एक, गाड्या 1830 पासून धावत होत्या, मग त्या कशावरून धावत होत्या? दोन, पेनसिल्व्हेनियातल्या डॅनव्हिलची पाटीही पहिल्या रुळांचा मान सांगते, म्हणजे दोघांपैकी एक खोटं. तीन, हजारभर वस्तीच्या खेड्यात रुळांचा कारखाना असेलच कसा? आणि चार, असल्या पाट्या गिऱ्हाइकं थांबावीत म्हणून गावचे दुकानदारच ठोकतात.

माझे वडील मनमाडला कीमन होते. हातोडी घेऊन रोज मैलोन् मैल चालायचं आणि रूळ स्लीपरला आवळणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. रूळ कुणी बनवला, कुठल्या साली, किती वजनाचा, हे रुळाच्या कुशीवरच उठवलेलं असतं. ती अक्षरं बोटाने चाचपून वाचायला त्यांनी मला शिकवलं. त्यामुळे रुळांबद्दल काहीतरी ठोकून दिलेलं माझ्याने बघवत नाही.

गाड्या 1830 पासून होत्या, हे बरोबर. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला 13 मैलांचा तुकडा, एलिकॉट्स मिल्सपर्यंतचा, त्याच वर्षी सुरू झाला. डबे तेव्हा घोडे ओढत. पण पाटीवर 'पहिली गाडी' असं लिहिलेलंच नाही, 'अमेरिकेत तयार झालेले रूळ' असं आहे. त्या सुरुवातीच्या मार्गांवर लाकडी तुळया नाहीतर दगड असत आणि त्यांवर लोखंडाची चपटी पट्टी खिळ्यांनी मारलेली असे. चाकं फिरून फिरून पट्टीचं टोक उचकटायचं, वर वळायचं आणि डब्याची तळफळी फोडून आत घुसायचं. लोक त्याला 'सापाचं डोकं' म्हणत. आज आपण ज्याला रूळ म्हणतो तसा भरीव, जाड रूळ हवा असेल तर तो इंग्लंड-वेल्समधून जहाजाने यायचा. रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्स 1830 मध्ये इंग्लंडला निघाला, तेव्हा बोटीवर बसून त्याने लाकडाच्या तुकड्यातून नव्या रुळाचा नमुना कोरला, असं सांगतात. तो रूळ त्याला अमेरिकेत कुणी लाटून दिला नाही, तो वेल्समधल्या डाउलाइसच्या कारखान्यात लाटावा लागला आणि तिथून न्यू जर्सीच्या कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेसाठी आला.

परदेशी रूळ घेण्यामागे साधा हिशोब होता. 1832 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना आयात रुळांवरची जकात परत मिळे. इंग्लिश रूळ स्वस्तात दारात येत असताना देशात कारखाना काढायला कोण धजावेल? मग 1842 चा कायदा आला आणि मार्च 1843 पासून रुळांवर टनामागे 25 डॉलर जकात बसली. त्याच सुमारास, नोव्हेंबर 1842 मध्ये, बाल्टिमोर अँड ओहायो डोंगर ओलांडत कंबरलंडपर्यंत पोहोचली होती. तिथून माउंट सॅव्हेज अवघं 9 मैलांवर. 1843 मध्ये तिथे रूळ लाटण्याची गिरणी उभी राहिली आणि 1844 मध्ये रूळ बाहेर पडला. हा क्रम ज्याने पाहिला, त्याला 'गाड्या तर आधीपासून होत्या' हा आक्षेप सुचणारच नाही.

आता डॅनव्हिल. मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. वाचून क्षणभर मीही थबकले होते. डॅनव्हिलच्या माँटूर आयर्न वर्क्समध्ये ऑक्टोबर 1845 मध्ये जो रूळ लाटला तो 'टी' आकाराचा, म्हणजे स्टीव्हन्सच्या जातीचा. माउंट सॅव्हेजचा 1844 चा रूळ उलट्या 'यू' आकाराचा होता, पालथ्या घातलेल्या पन्हळीसारखा. एका गावाने देशातला पहिला जाड रूळ लाटला, दुसऱ्याने वर्षभराने पहिला टी-रूळ लाटला. दोघांचं पहिलेपण वेगवेगळं आहे, त्यात भांडण नाही. आपल्याकडेही हेच आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी भारतातली पहिली प्रवासी गाडी. त्याआधी 1851 मध्ये रुरकीला कालव्याच्या बांधकामावर माती वाहणारं इंजिन चाललं होतं, म्हणून बोरीबंदरची नोंद खोटी ठरत नाही.

त्या उलट्या यू-रुळाबद्दल थोडं सांगायलाच हवं. वजन यार्डाला 42 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 21 किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो, त्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. हा रूळ आडव्या स्लीपरांवर नव्हे, तर रुळाच्याच दिशेने टाकलेल्या लांब लाकडी तुळईवर बसवायचा आणि खालून लोखंडी पाचर मारून आवळायचा. हे वाचलं तेव्हा मला वडिलांचा हात दिसला. लोखंडी स्लीपरच्या जबड्यात चावी ठोकताना ते हातोडीचा आवाज ऐकायचे. बद्द आवाज आला तर चावी बसलेली नाही, खणखणीत आला की पुढे चला. पाचर मारून रूळ आवळणारं कुणीतरी त्या डोंगरातही असणार. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने ऑक्टोबर 1844 मध्ये या रुळासाठी रौप्यपदक दिलं. जाणकारांच्या संस्थेने त्याच वर्षी दिलेलं हे पदक 'दुकानदारांची थाप' या शब्दांत बसत नाही.

खेड्यात कारखाना कसा, या प्रश्नाचं उत्तर त्या डोंगरांत आहे. भट्टीला लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी लागते, आणि भट्टीच्या आतल्या अस्तराला आगीत न वितळणारी माती लागते. माउंट सॅव्हेजच्या आसपास हे सगळंच होतं. शेजारच्या जॉर्जेस क्रीक खोऱ्यातला कोळशाचा मोठा थर 14 फुटांच्या घरात जाडीचा. एवढं सगळं जड सामान शहरात वाहून नेण्यापेक्षा माणसं आणि यंत्रं डोंगरात नेणं स्वस्त पडत होतं. त्या काळच्या लोखंडाच्या भट्ट्या रानात असायच्या त्या याच कारणाने. आजची लोकवस्ती बघून 1844 चा अंदाज बांधायचा, तर मग आपल्याकडच्या कित्येक ओसाड बंदरांत कधी गलबतं लागलीच नाहीत म्हणावं लागेल.

कारखाना टिकला नाही, हे खरं. 1846 मध्ये जकात उतरली, इंग्लिश रूळ पुन्हा स्वस्त झाले आणि थोड्याच वर्षांत कंपनी बुडून दुसऱ्यांच्या हातात गेली. पण गाव संपलं नाही. कंबरलंड अँड पेनसिल्व्हेनिया रेल्वेची कर्मशाळा तिथे आली आणि त्या कर्मशाळेत इंजिनं बांधली गेली. भट्टीच्या विटांचा धंदा तर लोखंडाहून जास्त चालला. कामगारांसाठी बांधलेल्या, आपल्या चाळींची आठवण करून देणाऱ्या घरांच्या रांगा गावात अजून दिसतात.

दुकानदारांच्या मुद्द्यात दम नाही. मेरीलँडच्या रस्त्यांवर अशा अधिकृत पाट्या 1930 च्या दशकापासून लागताहेत. मजकूर राज्याचा इतिहास-न्यास तपासतो आणि पाटी राज्याचं महामार्ग खातं उभारतं. सुचवू कुणीही शकतं, पण कागदपत्रं दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या निळ्या-पिवळ्या पाट्यांमागेही राज्याचा आयोगच आहे.

एक गोष्ट मात्र मी मेसेजवाल्यांना मान्य करते. 'पहिले लोखंडी रूळ' एवढंच म्हटलं की वाचणारा फसू शकतो, कारण चपट्या पट्ट्या अमेरिकेतल्या गिरण्या आधीही लाटत होत्या. तिथे 'जाड' असा एक शब्द वाढवायला हवा. आणि हात घालायचाच असेल तर आणखी एक ओळ हवी. पोलादाच्या आधीचं ते घडीव लोखंड. पट्ट्यांची चळत बांधून भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, सांडशीने ओढून खाचा असलेल्या लाटांमधून, म्हणजे फिरत्या रोलरांमधून, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा पार करायची, आणि थंड व्हायच्या आत आकार यायला हवा. हे करणारी माणसं बरीचशी आयर्लंड-वेल्सहून आलेली. या गिरणीची गोष्ट सांगताना कंपनीचं नाव येतं, साल येतं, पदक येतं. सांडशी धरणारे कुठून आले हेही दोन शब्दांत लिहिता येईल, तेवढी जागा त्या पाटीवर निघेल.