तडा दिसला की आधी फोटो काढा
इलेक्ट्रिक सायकलींवरच्या एका लेखात म्हटलंय, कार्बन फ्रेमला (कार्बन फायबरच्या सांगाड्याला) तडा गेला तरी वॉरंटी आहे, काळजी नको. माझ्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकला मोटर बसते तिथे केसाएवढी रेघ दिसली. नाण्याने टकटक केलं तर इतरत्र खणखणीत आवाज, तिथे मात्र बद्द, म्हणजे आत तडा असण्याची खूण. कंपनी म्हणाली, ‘दगड लागलाय, हे अपघाती नुकसान, वॉरंटीत बसत नाही.’ चार महिने ईमेल चालले. शेवटी फ्रेम मिळाली, पण मोटर-वायरिंग काढून परत बसवायची मजुरी माझ्याच माथी! रेघ दिसल्यावर ‘रंगच उडालाय’ म्हणत उतारावर जाऊ नका, कृपा करून. कार्बन धातूसारखा आधी वाकत नाही, एकदम तुटतो. आणि जुनी बाइक घेणाऱ्यांनो, बहुतेक वॉरंट्या पहिल्या मालकापुरत्याच असतात, हे आधी विचारून घ्या.