फक्त बीसीजी या क्षयावरच्या लसीने हा फरक पडत नाही

२०२३ मध्ये भारतात लाखामागे १९५च्या घरात नवे क्षयरुग्ण आणि शेजारच्या श्रीलंकेत साठीच्या आसपास, या फरकाचं श्रेय तुमच्या क्षयावरच्या लेखात लसीकरणाला दिलंय. ते पटलं नाही. बीसीजी आपल्याकडेही जन्मतःच टोचतात. ती लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नाही.

खरं कारण ताटात आणि घरात शोधा. आमच्या चाळीत शेजारच्या वहिनी सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेत होत्या. दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी, त्यात पाच माणसं. सकाळी कोऱ्या चहावर गोळ्या घ्यायच्या आणि मोरीत जाऊन ओकायच्या. पुढे धाकट्या मुलीलाही लागण झाली.

झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देऊन पाहिली, तर घरातले नवे रुग्ण जवळपास ४० टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालंय! सरकार रुग्णाला महिना १००० रुपये देतं, चांगलंच आहे, पण त्याच्या शेजारी झोपणाऱ्या पोरांच्या ताटात काय पडतं?