‘खरे हुशार मूल कुठेही लक्ष देते’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

शाळांचे निकाल लागले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. खरे हुशार मूल कोणत्याही वर्गात लक्ष देते; तुमचे मूल देत नसेल तर त्याला मोबाइल आणि लाड ही दोनच कारणे असतात; त्याला पहिल्या बाकावर बसवा, आणखी एक शिकवणी लावा, ‘तू हुशार आहेस’ हे रोज सांगत राहा; आणि डॉक्टर-समुपदेशकांच्या नादी लागू नका, कारण वय वाढले की हे सारे आपोआप जाते. यातला मोबाइलचा भाग अगदीच चुकीचा नाही, म्हणून उरलेलाही बिनतक्रार स्वीकारला जातो. माझा आक्षेप मुख्यतः त्या उरलेल्या भागाला आहे.

पहिल्याच विधानात बुद्धी आणि अवधान या दोन निराळ्या गोष्टी एक मानल्या आहेत. प्रज्ञावंत मुलांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये जी मांडणी केली, तीत सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती हे तीन स्वतंत्र घटक मानले आहेत. पहिला आहे म्हणून तिसरा असेलच, असे नाही. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांबरोबर काम करणाऱ्या लीटा हॉलिंगवर्थ यांनी नोंदवले होते की १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेली मुले सर्वसाधारण प्राथमिक वर्गातला सुमारे निम्मा वेळ वाया घालवतात. हे कसे घडते, ते आपल्याकडच्या कोणत्याही गणिताच्या तासाला दिसते. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत एका शिक्षकामागे ३० आणि सहावी ते आठवीत ३५ विद्यार्थी हे प्रमाण ठरवले आहे. ते पाळले गेले तरी शिक्षकाला वर्गाच्या मधल्या थराकडे बघूनच शिकवावे लागते, आणि त्यात त्याचा दोष नाही. पूर्णांक संख्यांची बेरीज दुसऱ्या उदाहरणातच कळलेल्या मुलीला त्याच प्रकारची आणखी अनेक उदाहरणे वहीत उतरवावी लागतात. ती खिडकीबाहेर पाहते, समासात चित्रे काढते, शेजारणीशी बोलते, आणि घाईत चिन्हाची चूक करून दोन गुण गमावते. प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’

या मुलीचे खरे नुकसान त्या दोन गुणांचे नव्हे. अर्धवट ऐकले तरी निभते, हे ती वर्षानुवर्षे शिकत जाते. अवघड गोष्टीपाशी थांबून राहण्याची, न कळणे सोसण्याची, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करण्याची सवय लागायला मुळात काही अवघड समोर यावे लागते. ते नववीच्या भूमितीत एकदम येते, आणि तोवर या सवयी इतर मुलांनी नाइलाजाने का होईना, कमावलेल्या असतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. रात्री उशिरापर्यंत पडदा पाहणाऱ्या मुलाचे सकाळच्या तासाला लक्ष लागत नाही, हे खरेच आहे. मात्र त्यातला मोठा वाटा बुडालेल्या झोपेचा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, तेही झोपेचाच विचार करून. तेव्हा रात्री मोबाइल मुलाच्या खोलीबाहेर ठेवावा, हा सल्ला योग्यच आहे. तरीही पुरेशी झोप घेऊन आलेले मूल कंटाळवाण्या तासाला कंटाळणारच.

पहिल्या बाकाचा उपाय काही मुलांना लागू पडतो. ज्याला फळा नीट दिसत नाही, त्याला तर तो इतका लागू पडतो की खरे कारण झाकले जाते, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत. ज्याला सगळे आधीच येते, ते मूल पहिल्या बाकावर फक्त अधिक ठळकपणे कंटाळलेले दिसते.

शिकवणीचा सल्ला मला या संदेशातला सर्वांत हानिकारक भाग वाटतो. बहुतेक शिकवण्या शाळेच्या पुढे धावतात. शाळेत ऑगस्टमध्ये येणारा धडा तिथे जूनमध्येच उरकलेला असतो. म्हणजे ज्या मुलाची अडचण ‘हे मला येते’ ही आहे, त्याला आपण पैसे मोजून तोच धडा दोनदा ऐकवतो आणि संध्याकाळचा मोकळा वेळही काढून घेतो. याच्या उलट दिशेचा उपाय स्वस्त आहे. वर्गशिक्षकांना भेटून एवढेच विचारावे, की सरावसंचातली शेवटची, म्हणजे सहसा सर्वांत अवघड, पाच उदाहरणे मुलाने आधी सोडवली आणि ती बरोबर आली, तर बाकीची माफ होतील का, आणि वाचलेल्या वेळात संकीर्ण प्रश्नसंग्रहातले किंवा पुढच्या इयत्तेतले काही करता येईल का. पाच चुकली तर सगळा सराव करायचा, ही अट मुलालाही रास्त वाटते. सगळे शिक्षक हे मान्य करतील असे नाही. विनंती तक्रारीच्या सुरात केली तर बहुधा कोणीच करणार नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांना निराळे शिक्षण लागते या विचारातूनच, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी विषयवार मंडळे आणि प्रकल्प यांचा उल्लेख आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतला प्रकल्पाचा टप्पा अशा मुलांना मानवतो. (त्या स्पर्धेचेही क्लास निघाले आहेत, हा आपला गुण म्हणावा की खोड, कोण जाणे.)

‘तू हुशार आहेस’ हे रोज सांगण्याबाबत मात्र पुरावा विरुद्ध बाजूचा आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेल्या पाचवीच्या मुलांनी पुढे सोपी कामे पसंत केली आणि अपयश आल्यावर चिकाटी लवकर सोडली. मेहनतीची स्तुती झालेली मुले टिकून राहिली. बुद्धी मेहनतीने वाढते असे मानणारे मूल अधिक शिकते, या ड्वेक यांच्या नंतरच्या मांडणीवर बराच वाद झाला आहे आणि शाळांमध्ये तिचा परिणाम अपेक्षेपेक्षा लहान दिसला आहे, त्यामुळे यातून चमत्काराची आशा धरू नये. पण ‘हुशार’ हा शिक्का जपण्यासाठी अवघड गणित टाळणारी मुले बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतात.

उरतो शेवटचा सल्ला, डॉक्टरांकडे न जाण्याचा. अवधानाचा विकार, म्हणजे एडीएचडी, आणि तीव्र बुद्धी एकाच मुलात असू शकतात. बुद्धीच्या बळावर गुण मिळत राहिल्याने विकार झाकला जातो, आणि दंगा न करता नुसत्या हरवून बसणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर अधिकच. ‘गेम तासन् तास खेळतो, म्हणजे लक्ष आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या खेळात अशी मुले सहज रमतात. कंटाळा आणि विकार यांतला फरक ओळखताना तज्ज्ञ काही ठरावीक गोष्टी विचारतात: लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, निदान सहा महिने टिकली आहेत का, आणि ती शाळा, घर, मैदान अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. फक्त गणिताच्या तासाला हरवणारे आणि घरी किल्ल्याचा नकाशा तीन दिवस खपून काढणारे मूल बहुधा या वर्णनात बसत नाही. म्हणून भेटीला जाताना कोणत्या तासाला, कोणत्या प्रकारच्या कामात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी लक्ष उडते, याची दोन-तीन आठवड्यांची नोंद शिक्षकांच्या मदतीने करून न्यावी. वाचन किंवा लेखन बुद्धीच्या मानाने फारच मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही मागावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मात्र त्यासाठी अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र लागते आणि तपासणीला अनेक फेऱ्या होऊ शकतात, त्यामुळे हे काम दहावीचा अर्ज भरायच्या वेळेपर्यंत लांबवू नये.